फीलर गेजची आंघोळ

माझ्या लाडक्या दोघांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमची आई म्हणाली, "मीसुद्धा एकदा गाडीच्या शर्यतीत उतरले होते," आणि तुम्ही दोघं खो-खो हसलात. तुमचं काही चुकलं नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई शर्यतीत उतरली होती, यावर मुलांचा विश्वास कसा बसावा? तिलाही त्याचं काही वाटलं नाही, तीही तुमच्याबरोबर हसली. मला मात्र ते लागलं. त्या शर्यतीला मी हजर होते, आणि त्या इंजिनाचं हँडल मी माझ्या हातांनी फिरवलं आहे. ती हकिगत सांगू शकणारी माणसं आता दोनच उरली आहेत, तुमची आई आणि मी. त्यातून मोठीला यंदा गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळालं आहे. म्हणून आत्ताच, पहिल्यापासून नीट लिहून ठेवते. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिनं काही गाळलं तर मला कळवा.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला राहत होतो. बोनकोडे गावाला लागून बैठ्या घरांच्या रांगा होत्या, त्यातलं एक घर आमचं. पुढे एक गाडी मावेल एवढं अंगण आणि कमरेएवढी भिंत. रस्ते माणसांच्या मानानं फारच रुंद होते. एवढ्या रस्त्यांवरून जाणार कोण, असं आम्हाला वाटत असे. तुमचे आजोबा पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल पाहत. मी वाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. आजोबांच्या आई, म्हणजे तुमच्या पणजी, साताऱ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आणि तुमची आई डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती, मेकॅनिकलला. वर्गात ती एकटीच मुलगी.

पाचवी आमची गाडी. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी तेव्हा ज्या जातीच्या असत, त्याच जातीची, फक्त रंगानं दुधी. आम्हा सगळ्यांना ती बाजारात आणि लग्नकार्यांना नेत असे. पण आजोबांच्या मते ती मनातून धावणारी गाडी होती आणि हे जगाला कळलं नव्हतं.

खाडीच्या बाजूला भराव टाकून केलेलं एक मोठं मोकळं मैदान होतं. पावसाळा संपला की गाड्यांची हौस असणारी मंडळी तिथे दरवर्षी एक रविवार जमत. जुने टायर आणि पिंपं मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा आणि एकेका गाडीनं त्यातून जायचं. शर्यत फक्त घड्याळाशी. आजोबांनी एक वर्ष त्यात भाग घेतला. त्यांच्या मागे एकच गाडी होती, आणि तिचं चाक निखळलं होतं.

 परत येताना मागच्या सीटवरून तुमची आई म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी चालवू?"

आजोबा वैतागलेलेच होते. म्हणाले, "इंजिन बांधेल तो चालवेल."

त्यांना वाटलं, विषय संपला. तिनं घरी येऊन हात धुतले आणि विचारलं, "कधीपासून सुरू करायचं?"

तिनं खरोखरच संपूर्ण पावसाळा त्या इंजिनावर घालवला. आजोबांनी त्यात दोन अटी घातल्या. पहिली स्वतःला. ते बघतील आणि बोलतील, पण हात लावणार नाहीत. दुसरी तिला. इंजिनातून टकटक आली तर गाडी दारातून हलणार नाही. हे इंजिन आता साधं राहणार नव्हतं. पावण्याच्या एका वर्कशॉपमधून आजोबांनी त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, तासून आणलं होतं. तिथेच नवा कॅमशाफ्टही दळून घेतला होता. त्यानं व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, जास्त उघडणार, इंजिन जास्त श्वास घेणार आणि जोरात पळणार. पण अशा इंजिनात एखादी गोष्ट जराशी इकडची तिकडे राहिली, तर आतले भाग वाकतात. म्हणून ती अट.

आणि एक गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. मैदानाच्या कडेला सिमेंटचे खांब रोवले गेले होते. पुढच्या वर्षी तिथे इमारतींचा पाया खणणार होते. तुमच्या आईला मिळणार होता तो हा एकच रविवार.

आता रॉकर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बागेतला सी-सॉ डोळ्यांपुढे आणा. कॅमशाफ्ट फिरला की एका टोकाला खालून एक काठी वर ढकलते, तिला पुशरॉड म्हणतात. दुसरं टोक त्यामुळे खाली जातं आणि व्हॉल्व्हला दाबून उघडतं. काठी खाली गेली की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. तो सी-सॉ म्हणजे रॉकर. आमच्या इंजिनात असे आठ रॉकर एका दांड्यावर ओळीनं बसत. इंजिन तापलं की लोखंड फुगतं. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये गार असताना बारीकशी फट ठेवावी लागते, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी. ती कमी झाली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. जास्त झाली तर रॉकर दर वेळी आपटतो आणि टकटक वाजतो. ती फट मोजायचं साधन म्हणजे फीलर गेज. पोलादाच्या पातळ पातळ पात्यांचा एक जुडगा, जपानी पंख्यासारखा उघडणारा. हवं ते पातं फटीत सरकवायचं. किंचित अडत, किंचित सरकत गेलं की फट बरोबर.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी रॉकर बसवायचे ठरले. मी आदल्या दिवशी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेवर आकडे घालून ठेवले होते, कारण प्रत्येक पुशरॉड ज्याच्या त्याच्या जागी गेला पाहिजे. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण घरात एकाच मापाच्या आठ काठ्या सुट्या पडलेल्या मला बघवेनात.

आजोबा अंगणात खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसले. पान दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

"सगळे स्क्रू आधी सैल सोड," ते पानामागून म्हणाले.

"सोडलेत, बाबा."

"दांडा तेलात बुडवलास?"

"तेल माझ्या कोपरापर्यंत आलंय. पेपर उलटा धरलाय तुम्ही."

त्यांनी पेपर सुलटा केला.

दांडा बसवताना तुमची आई नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, सगळे थोडे थोडे आवळत गेली. नव्या स्प्रिंगा इतक्या कडक होत्या की एका बाजूनं आवळलं असतं तर दांडाच वाकला असता. मग एक अडचण आली. हेड तासल्यामुळे ते खाली आलं होतं आणि पुशरॉड आपोआप लांब ठरले होते. त्यामुळे रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर मधोमध न टेकता कडेला टेकत होतं. नेमकं कुठे टेकतंय ते पाहायला कारखान्यात निळी शाई लावतात. आमच्याकडे निळी शाई नव्हती.

"आजी," तुमच्या आईनं आत हाक मारली, "तुझं काजळ दे ना जरा."

आत्याबाई तुपाच्या दिव्यावर काजळ धरत आणि पितळेच्या डबीत ठेवत. डबी घेऊन त्या बाहेर आल्या. "आत्ता? आंघोळ न्हाई, पांघोळ न्हाई, आन काजळ घालती व्हय?"

"मला नको. ह्याला."

आत्याबाईंनी इंजिनात डोकावून पाहिलं. आठ व्हॉल्व्हची डोकी ओळीत उभी होती. "आगं बाई. मग सगळ्यास्नीच लाव. एकाला लावलं आन दुसऱ्याला न्हाई, असं नको."

काजळ लावलं, इंजिन हातानं फिरवलं, आणि जिथे काजळ पुसलं गेलं तिथे रॉकर टेकत होता हे कळलं. दांड्याच्या पायांखाली पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या. पुन्हा काजळ, पुन्हा फिरवणं. तिसऱ्यांदा पुसलेला पट्टा अगदी मधोमध आला. शेजारचे काका भिंतीवर कोपरं टेकून हे पाहत होते. ते मालवणचे, बँकेत होते. म्हणाले, "वहिनी, काजळ झालं. आता दृष्ट काढा गाडीची. आणि मुलाकडच्यांना बोलवा."

"मुलाकडचे आले तर इंजिन तपासून घेतील का, ते विचारा आधी," मी म्हटलं.

फटी जुळवायचं काम आठवड्यात करायचं होतं. पण तिला कॉलेजच्या परीक्षा होत्या. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात. गावाकडे विळे, कोयते, नांगराचा फाळ. कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा. हत्यारं त्या दिवशी धुऊन-पुसून देवासमोर मांडली की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, तेवढीच त्यांना सुट्टी. आत्याबाई या बाबतीत कडक. त्यांनी पाटावर कापड अंथरलं आणि आजोबांचे पाने, हातोड्या, स्क्रू-ड्रायव्हर, माझी कात्री, शिवणाच्या मशीनची सुई, स्वयंपाकघरातली विळी आणि तुमच्या आईचा कंपासबॉक्स ओळीनं मांडला. मधोमध फीलर गेज पंख्यासारखा उघडून ठेवला. त्या दिवसाचा तो मोरच होता म्हणा ना.

शुक्रवारी दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली, आणि शनिवारी सकाळी हत्यारं पाटावरून उठली. शर्यत दुसऱ्या दिवशी.

फटी जुळवायला एक सोपी युक्ती असते. जो व्हॉल्व्ह जुळवायचा तो पूर्ण मिटलेला हवा. तो कधी मिटलेला असतो हे ओळखायला नऊची बेरीज करायची. पहिला पूर्ण उघडा असेल तेव्हा आठवा जुळवायचा. दुसरा उघडा तेव्हा सातवा, तिसरा तेव्हा सहावा. मी ते गाडीच्या इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं, म्हणून बेरजेचं काम माझ्याकडे आलं. शिवाय पुढून हँडल घालून इंजिन फिरवायचंही माझ्याकडेच. साडीचा पदर खोचून मी हँडल फिरवायची, तुमची आई वाकून व्हॉल्व्ह बघायची आणि ओरडायची, "थांब! तीन!"

"सहा," मी म्हणायची.

आत्याबाई उंबऱ्यात मेथी निवडत बसल्या होत्या. थोड्या वेळानं "थांब! पाच!" अशी हाक आली, आणि मी दम घेऊन तोंड उघडायच्या आत उंबऱ्यातून आवाज आला, "च्यार!"

तुमच्या आईनं वर पाहिलं. "बरोबर! आजी, तुला कसं कळलं?"

"नवातनं घालवायचं. त्यात काय कळायचं? तुझी आई दमलीया, तिला निस्तं फिरवू दे."

तेव्हापासून बेरीज त्यांच्याकडे गेली. हाक यायची "दोन!" आणि मेथीच्या जुडीमागून उत्तर यायचं "सात!" काकांच्या घरातून कोणीतरी विचारलं, "हाउजी चाललीय का?"

तुमची आई पातं सरकवायची, वरचा स्क्रू फिरवायची, पातं हलकंच अडायला लागलं की नट आवळायची आणि पुन्हा एकदा सरकवून बघायची. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून दुसऱ्यांदा बघायचंच. हे तिला सांगावं लागलं नाही. आजोबा पेपरमागून सारखे बघत होते, आणि त्यांना बोलायला काही सापडत नव्हतं.

झाकण बसलं, प्लग बसले. तिनं किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला चालू झालं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मग टाळ्या थांबल्या.

टक-टक-टक-टक. घरात सुतार, लोहार आणि पत्रे ठोकणारा एकदम आल्यासारखं.

आजोबा उठले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांनी इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकत गेले. "सगळे वाजतायत. एकजात."

"एकसुद्धा बरा नाही?" तिनं विचारलं.

"एकसुद्धा नाही. कॅमशाफ्ट चुकीचा दळलाय. मी तेव्हाच म्हणत होतो."

"बाबा, दळून तुम्हीच आणलाय."

 तिनं इंजिन बंद केलं. गार होईपर्यंत आम्ही जेवून घेतलं. जेवणात मेथी होती, आणि ती कोणी वाखाणली नाही. मग तिनं झाकण काढून सगळ्या फटी पुन्हा तपासल्या. मी हँडल फिरवलं, आत्याबाईंनी बेरजा केल्या. प्रत्येक फटीत पातं जसं जायला हवं तसंच गेलं, किंचित अडत, किंचित सरकत.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "आठही बरोबर आहेत." एखादी तरी चुकलेली असती तर तिला बरं वाटलं असतं, असा तिचा आवाज होता. चुकलेलं दुरुस्त करता येतं.

आजोबांनी पेपरची घडी घातली. रागावले नव्हते, म्हणून जास्त वाईट वाटलं. "राहू दे बेटा. उद्या हे पळवलंस आणि पुशरॉड वाकला तर सगळी मेहनत जाईल. इंजिन चांगलं बांधलंयस. गाडी नको नेऊया."

ती मडगार्डवर हात टेकून उभी राहिली. एकोणीस वर्षांची मुलगी रडायचं नाही म्हणून जो चेहरा करते, तो तिनं केला होता. मला तेव्हा एवढंच सुचलं की तिच्या पाठीवर हात ठेवावा, पण माझे हात ग्रीसनं भरले होते.

आत्याबाई चहा घेऊन आल्या. ट्रे टेकवायला जागा करताना त्यांनी बॉनेटवरचा फीलर गेज उचलला, डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा की," त्या म्हणाल्या, "आजून हाय. दोन दिस झालं, एवढी वढावढ झाली, तरी जागचं हललं न्हाई. चांगलं लागलंय म्हनायचं."

"काय आहे अजून?" आजोबांनी विचारलं.

"माझं कुकू."



"आजी," तुमची आई अगदी सावकाश म्हणाली, "हे लाल तू लावलंस?"

"मग कोन लावनार? नवमीला लावलं की. कोरडं लावलं तर पोलादावरनं गळतंय. म्हनून तुझ्या आईच्या टिकलीच्या बाटलीतलं वलं कुकू लावलं. पयलं फिक्कं दिसलं, म्हनून वर आनि एक हात दिला. सगळ्या पात्यांस्नी लावलंय हां, एक बी सोडलं न्हाई."

आता तुम्ही विचाराल, पात्यावरचं लाल कुंकू आमच्यापैकी कोणाला दिसलं कसं नाही? दिसलं की. पण कारखान्यात प्रत्येकाची हत्यारं ओळखू यावीत म्हणून वेगवेगळ्या रंगाचा ठिपका देतात. आजोबांचा रंग लाल. आमच्या घरातला प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड लाल ठिपक्याची. त्यात आणखी लाल कोणाच्या डोळ्यांत भरणार? तुमच्या आईनं तर पातं फडक्यानं पुसूनही पाहिलं होतं. रंग निघाला नाही, म्हणून तिला तो बाबांचाच रंग वाटला. बाटलीतलं ओलं कुंकू वाळलं की लाखेसारखं घट्ट बसतं. आत्याबाईंनी ते नेमकं पात्यांच्या टोकांना लावलं होतं, कारण टोक म्हणजे कपाळ. दोन हातांचं ते कुंकू पात्यांइतकं नसलं तरी मापात घोळ करण्याइतकं जाड होतं. पातं म्हणत होतं फट बरोबर, आणि फट होती कुंकवाइतकी जास्त. आठही ठिकाणी सारखीच जास्त.

आजोबांना सगळ्यात आधी उमगलं. ते आधी खुर्चीत बसले, मग हसू लागले. हसता हसता त्यांचा चहा बशीत आणि बशीतून धोतरासारख्या नेसलेल्या लुंगीवर सांडला. "कॅमशाफ्टवाल्याची माफी मागायला पाहिजे," ते म्हणाले. "मी मनात त्याला काय काय बोललो!"

तुमची आई उडी मारून पॉलिश पेपर आणायला धावली. आणि इथे दुसरी अडचण आली. आत्याबाईंनी गेज पदराखाली घेतला.

"पुसायचं न्हाई."

"आजी, प्लीज. उद्या शर्यत आहे."

"म्हनूनच न्हाई. दसऱ्याचं कुकू हाय त्ये. घरची पोर उद्या गाडी पळवनार, आन आदल्या दिशी कुकू पुसायचं? डोस्कं फिरलंय का तुमचं?"

"आई, ते मोजायचं साधन आहे," आजोबा म्हणाले.

"मोज की. मी कुटं नको म्हनती? पुसू नको एवढंच म्हनती."

हसू नका. त्या घाबरल्या होत्या. नातीनं गाडी पळवावी याला त्यांनी एकदाही विरोध केला नव्हता. त्यांनी एवढंच केलं होतं, की जे जे हत्यार तिच्या हातात जाणार, त्याला कुंकू लावून ठेवलं होतं. ते पुसायला सांगणं म्हणजे काय, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. दुसरा गेज आणावा म्हटलं तर दसऱ्याला जोडून पावण्याचे कारखाने, दुकानं सगळी बंद. आजोबांनी मला डोळ्यांनी खुणावलं. सासूला समजावायचं काम सुनेचं, असं त्यांना अडचणीच्या वेळी नेहमी आठवत असे.

मी काही बोलायच्या आत आत्याबाई स्वतःशीच बोलू लागल्या. "देवाचं बी रोज निघतंच की. आज लावायचं, उद्या सकाळी आंघोळीत जायचं. त्ये काय आपन पुसत न्हाई." मग त्यांनी पदराखालून गेज काढला. "आंघोळ घाला त्याला. आंघोळीत गेलं तर गेलं."

"पेट्रोलची चालेल?" तुमच्या आईनं विचारलं.

"त्याला ज्या पान्याची सवय, त्या पान्याची घाला. पर माझं तांब्याचं ताम्हन मिळायचं न्हाई. वास जात न्हाई."

स्टीलचा वाडगा आला. अंगणात, देवघरातल्या निरांजनापासून लांब, आत्याबाई पाटावर बसल्या. गेज उघडून वाडग्यात उभा धरला आणि चमच्यानं त्याच्यावर पेट्रोल घालू लागल्या. रोज देवाला आंघोळ घालताना त्या नद्यांची नावं घेत. तशीच घेतली, गंगा, यमुना, मग आपल्याकडच्या कृष्णा, कोयना, वेण्णा. काका भिंतीशी येऊन हात जोडून उभे राहिले. त्यांचे हात खरे जोडलेले होते की चेष्टेनं, मला आजही सांगता येत नाही. पेट्रोलमध्ये कुंकू आधी मऊ पडलं, मग नखानं लाल पापुद्रे सुटून आले. पाती लख्ख झाली. आत्याबाईंनी वाडग्यातलं लाल पेट्रोल पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये तुळशीला घालू नका हां कोनी." मग गेजच्या बाहेरच्या झाकणावर चिमूटभर कोरडं कुंकू लावून तो त्यांनी नातीच्या हातात दिला.

पुन्हा हँडल, पुन्हा "थांब! एक!" आणि "आठ!" या वेळी प्रत्येक स्क्रू थोडा थोडा आवळावा लागला. उन्हं अजून भिंतीवर होती तेव्हा तिनं किल्ली फिरवली.

त्या आवाजाचं वर्णन कसं करू? आधी आम्हाला वाटलं इंजिन चालूच झालं नाही. मग कळलं की चालू आहे. वरून रॉकरांची अगदी बारीक, एकसारखी कुजबुज, आणि खालून एक दमदार गुरगुर. आजोबांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकलं आणि मूठ आपल्या आईच्या कानाला लावली. आत्याबाईंनी डोळे मिटून ऐकलं. "शिवनाच्या मशिनीवानी," त्या म्हणाल्या.

आजोबा मुलीकडे वळले. "उद्या किती वाजता निघायचं?"

 तेलकट हातांनी तिनं त्यांना अशी मिठी मारली की तो शर्ट पुढे गाडी पुसायला गेला.

रविवारी आम्ही सगळे मैदानावर गेलो. गाडीच्या दारावर आकडा लावायचा असतो. आमचा आकडा चौदा आला. मी पांढऱ्या मेणकापडाचा चौकोन कापून त्यावर काळ्या कापडाचा चौदा शिवून टाकला आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. इतरांनी आकडे खडूनं लिहिले होते. ते मला पाहवले नाहीत. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी इंजिन ऐकलं, मान डोलावली आणि हेल्मेट आजोबांपुढे धरलं.

"मला नको," आजोबा म्हणाले. "बांधलं तिनं, चालवणार ती."

त्या गृहस्थांनी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही तक्रार करेन. मी म्हटलं, "पट्टा जरा घट्ट बांधा."

झेंडा खाली पडला आणि आमची लग्नकार्यांची गाडी अशी उसळली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा धुळीत फक्त दुधी रंगाची पाठ दिसत होती. पहिलं वळण तिनं सुंदर घेतलं. दुसऱ्या वळणावर गाडीची मागची बाजू सरकली आणि एक रिकामं पिंप ढणढण करत खाडीकडे निघालं. आजोबा एकटेच त्याच्या मागे धावले, का ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. लांबच्या सरळ पट्ट्यावर इंजिनाचा आवाज चढत चढत गेला, स्वच्छ, एकाही टकटकीशिवाय, आणि माझ्या शेजारी छत्री धरून बसलेल्या आत्याबाई उभ्या राहून ओरडल्या, "पळीव, पोरी, पळीव!"

गाडी शेवटच्या रेषेवरून गेली आणि थांबली. तुमची आई उतरली. हेल्मेट काढलं तर केस घामानं चिकटलेले आणि चेहरा धुळीनं माखलेला. पांढरे फक्त दात.

आत्याबाईंनी विचारलं, "आता?"

"आता काही नाही आजी. झालं."

"झालं? एवढंच? सगळा पावसाळा एवढ्यासाठी राबलीस व्हय?"

"हो ना," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. ती तिथेच धुळीत बसली. "एवढ्यासाठीच."

पिंप पाडल्याचा दंड धरून तिचा नंबर मधे कुठेतरी लागला. बक्षीस मिळालं नाही. पण आजोबांच्या आदल्या वर्षीच्या वेळेपेक्षा ती बरीच आधी पोचली होती. घरी जाताना गाडी तिनंच चालवली. आजोबा पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले, आपल्या आईशेजारी, आणि बोनकोड्याच्या वळणापर्यंत त्यांना झोप लागली होती.

पुढच्या वर्षी मैदानात पाया खणला गेला. आता तिथे उंच इमारती आहेत. गाडी विकली, इंजिनाचं पुढे काय झालं माहीत नाही. पणजी गेल्या, आजोबा गेले. दाराला लावलेला तो मेणकापडाचा चौदा माझ्या कपाटात, चादरींच्या खणात, घडी घालून ठेवलेला आहे.